परिचारिकेची प्रवेशपरीक्षा



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची प्रथा पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. पुढे ती गावोगावी रुजली. ह्या ऋतूचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ह्याच सुमारास बारावीची परीक्षा आटोपलेली असते, निकाल लागावयाचा असतो, आणि घरोघरी एकच चर्चा चालू असते : "आता पुढे काय?" अलीकडे ह्या चर्चेत 'नर्सिंग' हा शब्द पूर्वीपेक्षा अधिक वेळा ऐकू येतो. तेव्हा परिचारिकेच्या शिक्षणासाठी द्यावयाची प्रवेशपरीक्षा आणि तिची पूर्वतयारी हा विषय येथे मांडावा, असे आम्ही ठरविले. विषय विद्यार्थ्यांचा आहे, परंतु तो त्यांच्यापुरता नाही. आज जी मुलगी किंवा जो मुलगा ह्या परीक्षेस बसेल, त्याच्याच हातात उद्या आपली नाडी असणार आहे. म्हणून श्रोत्यांतील आजोबांनीही हे व्याख्यान आपले नव्हे असे समजू नये.

ह्या विषयावर आम्हांला जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक ठरलेले असतात. क्लास कोणता लावावा? पुस्तक कोणते घ्यावे? किती गुण मिळाले म्हणजे सरकारी महाविद्यालय मिळते? हे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आमच्या मते तोच पहिला आहे : ही परीक्षा कशाची आहे? तो कळला म्हणजे तयारी कशाची करावयाची हे आपोआप कळते.

पूर्वीची परीक्षा

लेखी परीक्षा ही अलीकडची गोष्ट. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा तेथे उमेदवारी करणाऱ्या मुलींचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वतःची स्वच्छता आणि नीटनेटकेपणा असे रकाने असत. म्हणजे विद्येबरोबर वर्तनाचीही नोंद होई, आणि तीही एका दिवसाची नव्हे, दर महिन्याची.

आपल्याकडे परीक्षा निराळीच होती, आणि ती घराच्या उंबरठ्यावर होती. परक्या माणसाच्या अंगाला हात लावावयाचा, त्याची घाण काढावयाची, रात्री घराबाहेर राहावयाचे, ही कल्पनाच पांढरपेशा समाजाला सोसत नव्हती. १८९७ साली पुण्याच्या परिसरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात आणले. त्या शुश्रूषेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी कोणत्या नर्सिंग शाळेची परीक्षा दिली नव्हती, परंतु ह्या व्यवसायाचे मर्म ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने तेथूनच आरंभ करावा.

ज्या न्यायमूर्तींनी ही व्याख्यानांची प्रथा घातली, त्यांच्याच पत्नी रमाबाई रानडे ह्यांनी पुढे गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या काळी घरातून होकार मिळणे हीच प्रवेशपरीक्षा, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्या फार थोड्या.

पुढे चक्रे भराभर फिरली. १९४६ साली दिल्लीस आणि वेल्लोरला परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिपरिचर्या आयोगाचाही कायदा केला. उंबरठ्यावरची परीक्षा पुष्कळशी सुटली, आणि तिची जागा कागदावरच्या, आता संगणकाच्या पडद्यावरच्या, परीक्षेने घेतली. ही प्रगतीच आहे. वशिला, जात आणि घराणे ह्यांपेक्षा गुणांची यादी केव्हाही बरी. मात्र यादीला जे मोजता येते तेवढेच ती मोजते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आजची परीक्षा

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. प्रथम वाटा समजून घ्याव्यात, कारण निम्मा गोंधळ येथेच होतो. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. जीएनएमला विज्ञानाला प्राधान्य असले तरी कला शाखेच्या मुलींनाही दार उघडे आहे. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक हुशार मुली "आमचे सायन्स नव्हते" म्हणून घरी बसतात. ज्यांना सैन्याच्या परिचर्या-सेवेत जावयाचे असेल त्या मुलींनी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यावी लागते. सैन्याची अशी दोन महाविद्यालये आपल्या पुण्यामुंबईतच आहेत, एक सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि दुसरे नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाचे.

पदवीच्या प्रवेशपरीक्षेसाठी भारतीय परिचर्या परिषदेने जो साचा घालून दिला आहे तो सुटसुटीत आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल, प्रत्येकी २० गुण, एकूण १००. महाराष्ट्राची सामायिक प्रवेशपरीक्षाही ह्याच धर्तीची असून १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही ज्या वर्षी परीक्षा द्यावयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका विद्यार्थ्याने स्वतः, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. शेजारच्या ताईने सांगितले, क्लासच्या सरांनी सांगितले, ह्यावर विसंबू नये. सूचना पूर्ण वाचण्याची सवय ही ह्या व्यवसायाची पहिली सवय आहे.

ह्याच ठिकाणी 'पर्सेंटाइल' ह्या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याने कितीतरी घरांत उगाच रडारड होते. परिषदेच्या नियमात खुल्या वर्गासाठी ५० पर्सेंटाइलची अट आहे, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्गांसाठी ४०ची. ह्याचा अर्थ १००पैकी ५० गुण असा नव्हे. हजार मुले बसली आणि त्यांतली साधारण पाचशे तुमच्या मागे राहिली, म्हणजे तुम्ही ५० पर्सेंटाइलवर आलात. प्रश्नपत्रिका कठीण निघाली तर पस्तीस गुणांनाही हे साधेल, सोपी निघाली तर साठ गुणही अपुरे पडतील. म्हणून पेपर देऊन आल्यावर गुण मोजत बसण्यात अर्थ नसतो. अवघड पेपर सर्वांनाच अवघड असतो.

विषय का नेमले?

विद्यार्थी विचारतात, "रुग्णाची सेवा करावयाची, तेथे भौतिकशास्त्र कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर सहसा वर्गात दिले जात नाही. ते आम्ही येथे देऊ इच्छितो.

सलाईनची बाटली उंच का टांगतात? शिरेतील रक्ताला काही दाब असतो. बाटलीतील द्रवाच्या स्तंभाचा दाब त्याहून अधिक असला तरच द्रव आत जातो. बाटली खाली आणली की नळीत रक्त उलटे चढते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, एवढे जिला ठाऊक आहे तिला रक्तदाबाचे आकडे पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये का लिहितात हेही कळते. आता गणित पाहा. ५०० मिलीलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा आहे, आणि नळीतून २० थेंब पडले म्हणजे एक मिलीलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, चार तासांची मिनिटे २४०, उत्तर सुमारे ४२. हे गणित इयत्ता सातवीचे आहे. परंतु रात्री तीन वाजता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, खाटेवरचा म्हातारा हृदयविकाराचा असताना ते बिनचूक आले पाहिजे. थेंब दुप्पट पडले तर त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते.

रसायनशास्त्राचेही तसेच. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी, पण एका लिटरला ९ ग्रॅमच मीठ का? कारण रक्ताशी ते समतोल असते. नुसते शुद्ध पाणी शिरेत गेले तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. ज्या 'परासरणा'ची व्याख्या मुले घोकतात ते हेच. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजावयास लावले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. हे पाजण्याचे काम बहुतेक रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. आज त्याच कल्पनेची पुडी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळते. पण एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घोळून बाळाला पाजली तर औषधाचे अपायात रूपांतर होते. हे त्या आईला कोण समजावणार? परिचारिकाच. आणि जिला स्वतःला द्रावणाची तीव्रता समजलेली नाही ती दुसऱ्याला काय समजावणार?

जीवशास्त्राचे महत्त्व सांगावयास नको. व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी शेकडा दहाहून अधिक मरत, सुइणींच्या कक्षात पुष्कळ कमी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ साली कारण हुडकले. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू शेकडा दोनच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापितही झाला नव्हता. पाठ्यपुस्तकातील 'सूक्ष्मजीव' हे प्रकरण ह्या गोष्टीसकट वाचले तर ते विसरता येत नाही.

इंग्रजीची भीती सर्वांत मोठी, विशेषतः खेड्यांतून मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना. तिला आमचे सांगणे असे, की येथे शेक्सपिअर नको आहे. हवी आहे ती अचूक वाचण्याची आणि नेमके लिहिण्याची शक्ती. एक उदाहरण घ्या. बारा किलो वजनाच्या मुलाला ताप आहे, आणि डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिले आहे. म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाजारात एका बाटलीत ५ मिलीलिटरला १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत २५०. पहिलीतून ७.२ मिलीलिटर द्यावे लागेल, दुसरीतून ३.६. बाटलीवरचे इंग्रजी वाचले नाही तर मात्रा दुप्पट होईल किंवा निम्मी. शब्दसंग्रहाला एक युक्ती सांगतो. वैद्यकीय शब्द तोडून पाहावेत. शेवटी 'आयटिस' आले की तेथे दाह आहे असे समजावे. मग गॅस्ट्रायटिस हा जठराचा, नेफ्रायटिस हा मूत्रपिंडाचा, हिपॅटायटिस हा यकृताचा. संस्कृतचे समास सोडवणाऱ्या मुलांना हे अवघड का जावे?

कलाचे वीस गुण

राहिले 'परिचर्येचा कल' ह्या विषयाचे २० गुण. ह्यासाठी बाजारात जाडजूड पुस्तके मिळतात, आणि मुले तीही पाठ करतात. परंतु ह्या प्रश्नांचा गाभा पाठांतराचा नसतो. समजा, दोन खाटांवरून तुमचे लक्ष एकाच वेळी वेधले गेले. एक रुग्ण वेदनेने ओरडतो आहे. दुसरा अगदी गप्प आहे, पण त्याचे ओठ निळे पडले आहेत. प्रथम कोणाकडे जाल? आपले सर्वांचे पाय ओरडणाऱ्याकडे वळतात. परिचारिकेचे गप्प असलेल्याकडे वळले पाहिजेत, कारण ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे. किंवा असे समजा, की कागदावरचे औषधाचे प्रमाण वाचता येत नाही आणि डॉक्टर रागीट आहेत. अंदाजाने द्याल, की राग सोसून पुन्हा विचाराल? किंवा तुमच्याच गल्लीतील बाई विचारते, "त्या पाटलांच्या सुनेला काय झालंय गं?" तुम्ही काय सांगाल?

ही उत्तरे चार पर्यायांतून खूण करून देता येतात, पण ती घडतात घरात. आजीला औषध दिल्यावर पेला धुऊन ठेवणारी, तिने गोळी खरोखर गिळली की गालात धरली हे पाहणारी मुलगी ह्या विषयाचा अभ्यासच करीत असते. म्हणून आमची सूचना अशी, की अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या आजारी नातेवाइकाजवळ रुग्णालयात एक रात्र बसावे. तेथील वास, आवाज, कण्हणे, पाट्या, आणि पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना काय सांगतात, हे पाहावे. त्यानंतरही जावेसे वाटले तर खुशाल जावे. नकोसे वाटले तर त्यातही कमीपणा नाही, ते चार वर्षांनी कळण्यापेक्षा आधी कळले एवढेच.

तयारी कशी करावी?

आता थोडे व्यावहारिक. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. म्हणून इंग्रजी आणि कलाचे प्रश्न आधी झटपट उरकावेत आणि वाचलेला वेळ भौतिकशास्त्राच्या गणितांना द्यावा. अडलेला प्रश्न सोडून पुढे जावे, मात्र शेवटी एकही कोरा ठेवू नये, कारण चुकीला दंड नाही. अकरावी आणि बारावीची पाठ्यपुस्तके हाच खरा ग्रंथ. मार्गदर्शिका त्यांच्यानंतर. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा आणि चुकलेल्या प्रश्नांची स्वतंत्र वही करावी. चुकांची वही ज्याची पातळ होत जाते त्याची तयारी होत आली असे समजावे. दोघीतिघींनी मिळून अभ्यास करावा आणि आळीपाळीने एकमेकींना शिकवावे. समजावून सांगता आले तरच ते समजले.

पालकांना तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, मुलगी परीक्षेला बसणार असेल तर तिला अभ्यासाचे तास द्या. स्वयंपाक, धुणे आणि धाकटी भावंडे सांभाळून उरलेल्या वेळात शास्त्र शिकता येत नाही. दुसरी, प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था परिचर्या परिषदेने मान्य केलेली आहे की नाही हे स्वतः पडताळून पाहा. "परीक्षेची गरज नाही, पैसे भरा, प्रवेश पक्का" असे जो सांगतो त्याच्या दारातून तसेच मागे फिरा. शेत विकून मिळविलेले प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी निरुपयोगी ठरले तर दाद कोठे मागणार? तिसरी गोष्ट मनाला लावून घ्यावी अशी आहे. "डॉक्टर होता आले नाही, मग निदान नर्स तरी" हे वाक्य मुलीच्या देखत उच्चारू नका. 'निदान' आणि 'तरी' ह्या दोन शब्दांत एका संपूर्ण व्यवसायाची किंमत आपण कमी करून टाकतो, आणि ती मुलगी पराभव झाला असे समजून वर्गात येते. मुलगे ह्या व्यवसायात येऊ लागले आहेत, त्यांच्या बाबतीत तर आपली जीभ आणखी सैल सुटते. तीही आवरावी.

परीक्षेपलीकडचे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुइणींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. ते नाइटिंगेलच्या जन्माचे दोनशेवे वर्ष. योगायोग असा, की त्याच वर्षी कोविडची साथ आली आणि मुखपट्टीआडच्या ह्या माणसांची गरज जगाला सत्काराविनाच कळली. आपण खिडकीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. थाळ्यांचा आवाज विरला, पण खाटांच्या मानाने परिचारिका किती असाव्यात हा प्रश्न तसाच आहे. परिषदेचा दंडक सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकविणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक असा आहे. आपण रुग्णालयात गेलो म्हणजे खाटा मोजाव्यात, परिचारिका मोजाव्यात, आणि स्वतःच भागाकार करावा.

आणखी एक उदाहरण देऊन आम्ही हा विषय संपवितो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर १९७३ साली रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर त्या कधीच शुद्धीवर अशा आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. जवळजवळ ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांच्या सहकारिणींनी, मग त्या सहकारिणींच्या जागी आलेल्यांनी, मग त्यांच्याही जागी आलेल्यांनी, त्यांची शुश्रूषा केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा, २०११ साली, एक गोष्ट नमूद झाली : इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. ज्यांनी घरी लकव्याचे माणूस महिनाभर सांभाळले आहे त्यांना ह्या वाक्याचे वजन सांगावयास नको. दर काही तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, चादरीची सुरकुती काढणे, आणि हे रोज, दिवसा आणि रात्री, कोणी पाहत असो वा नसो. शय्याव्रण का होतो ह्याचे कारण परीक्षेत विचारता येईल. तो चार दशके न होऊ देणारी निष्ठा शंभर प्रश्नांत मोजता येणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे दुहेरी आहे. परीक्षेची तयारी कसून करा, कारण दार तेच आहे आणि ते उघडल्यावाचून आत जाता येत नाही. परंतु प्रत्येक प्रकरण वाचताना त्याच्या पलीकडे एक खाट आहे आणि त्या खाटेवर कोणीतरी माणूस आहे, हे स्मरणात ठेवा. तसे वाचले तर अभ्यास जड होत नाही, आणि पुढे केवळ यादीत नाव लागले म्हणून नव्हे, तर त्या खाटेजवळ उभे राहावयाची तुमची योग्यता आहे म्हणून तुम्ही तेथे उभे असाल.